उताराविरुद्ध

आमच्या घरात अंडं येत नाही.
म्हणून गुलअफ्शां ते ओढणीत गुंडाळून आणते,
बाहेरच्या ओट्यावर, काचेच्या पेल्यात ठेवते,
वर सिरका ओतते. बुडबुडे येतात.
आतून आई विचारते, वास कसला गं?
मी म्हणते, प्रयोगाचा.

दोन दिवसांत कवच विरघळलं.
उरलं ते बोटानं दाबलं तर दबतं,
उजेडासमोर धरलं तर आतला बलक डुलतो.
"मॅडम, यही है ना कोशिका झिल्ली?"
नाही गं. ही कवचाखालची कातडी.
पेशीचं पटल हिच्या जाडीत हजारो वेळा मावेल.
पण परीक्षा सोमवारी आहे,
तोवर एवढं खोटं चालेल.

वहीत काढून दाखवते:
पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन रांगा,
तोंडं पाण्याकडे.
आणि धड जागेवर कुणी बसत नाही,
सारखी सरकासरकी, शेजारीण बदलते,
भिंत मात्र तिथल्या तिथे.
प्राणवायू विचारत नाही, सरळ शिरतो.
पाण्याची दारं वेगळी.
साखरेला कुणीतरी हात धरून आत न्यावं लागतं.
आणि मीठ?
मीठ आत झिरपतं, मग ते बाहेर काढत बसायचं.
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
उताराविरुद्ध,
दर खेपेला पदरची ऊर्जा खर्चून.
दिवसरात्र.

ती पेन ठेवते. हसते.
"ये तो मेरे अब्बू करते हैं."

तिचे वडील जलूदला, नर्मदाकाठच्या पंपघरात.
नदी खाली, इंदूर वर.
पाणी आपल्या पायांनी इकडे कधी आलं नसतं.
सुदामानगरच्या आमच्या नळाला दिवसाआड जे येतं
ते टप्प्याटप्प्यानं ढकलत, घाट चढवून आणलेलं.
त्यांना आता एका कानानं कमी ऐकू येतं.
सुट्टीवर घरी आले की झोप लागत नाही म्हणे,
घरघर नाही म्हणून.

पंप थांबला तर पेशी फुगून फुटते, मी सांगते.
ती म्हणते, आमचं उलटं आहे, मॅडम.
पंप थांबला तर शहर सुकतं
आणि फोन अब्बूंना येतात.

बावीस वर्षं शिकवते आहे.
दर वर्षी फळ्यावर हा बाण काढला, खालून वर.
बाणामागे कुणी उभं असेल
असं एकदाही वाटलं नाही.

आता पाक लागणार होता, घट्ट.
मी काही बोलायच्या आत आईच दारात:
एकतारी हवा की दोनतारी?
कुठवर ऐकत होती कोण जाणे.
तिनं पातेलं उंबऱ्यावर ठेवलं,
हात मागे घेतला,
मग गुलअफ्शांनं उचललं.

सकाळी अंडं सुरकुतलेलं, पाकाच्या तळाशी.
आई लांबूनच बघते,
मग स्वतःच्या मनगटाकडे.
यातलं पाणी गेलं कुठे?
पाकात, आई. जिकडे पाणी कमी, तिकडे.
कुणी ओढलं?
कुणीच नाही. हे आपोआप होतं.
हं, म्हणते. जायला काही लागत नाही.

काल पुरवठा नव्हता, परवाही नव्हता.
बादल्या उपड्या, हंडा अर्धा.
अंड्यासाठी साधं पाणी मागायची मला लाज वाटली.
आईनं हंड्यातलं फुलपात्र भरून
उंबऱ्यावर ठेवलं.
संध्याकाळपर्यंत ते पुन्हा गोल, टणटणीत, ओलं.
गुलअफ्शांनं वहीत वजन लिहिलं,
आणि खाली, खोडून, पुन्हा लिहिलं.

पहाटे पाचला नळ आधी हवा सोडतो,
खोकतो, तांबूस थुंकतो,
मग धार.
आई धारेखाली हात धरून उभी,
भांडं लावायचं विसरून.
म्हणते, आज तिच्या वडलांची पाळी दिसतेय.

अंडं अजून ओट्यावरच आहे.